वर्मच्या टॅप टेस्टसाठी स्वतःचा सेटअप बांधायचाय: कॅमेरा, सोलेनॉइड, ट्रॅकिंग, अनुभव असलेल्यांनी सांगा

सायली_जेआरएफ

नमस्कार सगळ्यांना. पोस्ट लांबणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळं सांगते.

मी विदर्भातल्या एका छोट्या लॅबमध्ये जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) आहे, दुसरं वर्ष. आमचं काम सी. एलिगन्सवर आहे, म्हणजे तो साधारण १ मिमी लांबीचा पारदर्शक सूत्रकृमी, ज्याच्या अंगात मोजून ३०२ चेतापेशी असतात. डाळिंबाच्या मुळांना गाठी आणतो तो सूत्रकृमी वेगळा, हा आपला मुकाट बॅक्टेरिया खाऊन राहतो. लॅबमध्ये सगळे वर्म म्हणतात, मीही तेच लिहिते.

माझा विषय स्पर्शाच्या न्यूरॉन्सचा. हलका स्पर्श ओळखणाऱ्या सहाच पेशी आहेत, पुढच्या बाजूला एएलएमची जोडी आणि एव्हीएम, मागे पीएलएमची जोडी आणि पीव्हीएम. वर्म म्हातारा होत जातो तसं या पेशींचं काम कसं बदलतं ते मला बघायचंय. टेस्ट जुनीच, चॅल्फी आणि सल्स्टन यांच्या १९८१ च्या कामापासून चालत आलेली. भुवईचा केस टूथपिकच्या टोकाला चिकटवायचा आणि मायक्रोस्कोपखाली एकेका वर्मला एकदा डोक्याच्या मागे एकदा शेपटीच्या अलीकडे असं आळीपाळीने १० वेळा हलकेच टेकवायचं, किती वेळा दचकला ते वहीत लिहायचं. चार स्ट्रेन, तीन वयं, प्रत्येकी ३० वर्म, आणि हे सगळं किमान तीनदा. मान आणि डोळे दोन्ही कामातून जातात.

पण खरा त्रास मानेचा नाही. गेल्या महिन्यात लेबल झाकून एकच प्लेट आधी मी मोजली आणि लगेच आमच्या एमएस्सीच्या ज्युनिअरने मोजली. माझी सरासरी १० पैकी ८ आली, त्याची ६. वर्म तेच, केस तोच. तेव्हापासून मला माझ्याच वहीतल्या जुन्या आकड्यांवर विश्वास ठेवणं जड जातंय, कारण केस किती दाबला हे कुणाच्या मनगटाला माहीत.

तर दोन गोष्टी करायच्यात. एक म्हणजे टॅप टेस्ट, प्लेटला बाजूने सोलेनॉइडचा (वीज दिली की दांडा पुढे ढकलणारी कॉइल) ठोका द्यायचा, वरून कॅमेऱ्याने सगळे वर्म एकदम शूट करायचे आणि कोण किती मागे सरकला ते कॉम्प्युटरने मोजायचं. दुसरी गोष्ट फोटोंची. मेक-४ (स्पर्शपेशींना स्पर्श कळायला लागणारं जीन) च्या प्रमोटरवर जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असलेली स्ट्रेन आहे, त्यात पीएलएमचा अ‍ॅक्सॉन (चेतापेशीचा लांब तंतू) स्वच्छ हिरवा दिसतो, पण एकेक वर्म लेव्हामिसोलने सुन्न करून अगारोज पॅडवर ठेवून फोटो काढायचे म्हणजे ३० वर्मना अख्खा दिवस जातो, हेही कसं ऑटोमेट करायचं?

बाहेरच्या रेडिमेड ट्रॅकरचं कोटेशन मागवलं होतं, ते आमच्या वर्षभराच्या कंटिन्जन्सीपेक्षा (किरकोळ खर्चाच्या निधीपेक्षा) जास्त आलं, त्यामुळे तो रस्ता बंद. पायथन जेमतेम येतं, सोल्डरिंग कधी केलेलं नाही पण शिकायची तयारी आहे. कॅमेरा कुठला, लाइट कसला, सॉफ्टवेअर कुठलं, आणि मुळात हे आमच्यासारख्या लॅबमध्ये होण्यासारखं आहे का?

विनोद_सर्किट

सायली ताई, नक्की होण्यासारखं आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, बायोलॉजी बारावीलाच सोडली, पण बायकोच्या लॅबसाठी असा सेटअप दोनदा बांधलाय त्यामुळे काय काय अडतं ते माहितीय.

कॅमेरा निवडायच्या आधी कागदावर एक हिशोब करा. रास्पबेरी पाय म्हणून छोटा कॉम्प्युटर मिळतो, त्याचा एचक्यू कॅमेरा १२.३ मेगापिक्सेलचा आहे, फ्रेम ४०५६ बाय ३०४०. तुम्ही ३५ मिमीची छोटी प्लेट त्या ३०४० मध्ये बसवलीत तर एक पिक्सेल म्हणजे साधारण साडेअकरा मायक्रॉन, म्हणजे १ मिमीचा वर्म ८५-८७ पिक्सेल लांब आणि जाडीला पाचेक पिक्सेल. एवढ्यात वर्मची बाह्यरेषा आणि मधली रेघ बऱ्यापैकी सापडते. तेच ६० मिमीची प्लेट घेतलीत की एक पिक्सेल २० मायक्रॉनच्या जवळ जातो, जाडीला तीनच पिक्सेल उरतात आणि पुढे सॉफ्टवेअरला डोकं कुठलं शेपूट कुठली हे कळेनासं होतं, मग मागे गेला का पुढे तेही कळत नाही, आणि तुमचं सगळं काम तर त्यावरच आहे. म्हणून छोटी प्लेट. पूर्ण फ्रेमवर हा कॅमेरा सेकंदाला १० फ्रेम देतो आणि वर्मच्या चालीला तेवढं पुरतं. १६ मिमीची सी-माउंट लेन्स घ्या, जवळचा फोकस मिळाला नाही तर लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे पातळ रिंग टाकायची.

लाइट लालच हवा. पांढरा किंवा निळा नको, कारण वर्मला डोळे नसले तरी निळ्या-जांभळ्या प्रकाशापासून तो पळतो, त्यासाठी लाइट-१ नावाचं रिसेप्टर असतं असं २००८ साली सापडलंय, हे मला बायकोने सांगितलं तोवर माझे वर्म सारखे का धावतायत याचा मी दोन आठवडे शोध घेत होतो. इन्फ्रारेड पण लावू नका, एचक्यू कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच आतच बसवलेली आहे, चित्र काळंच येईल. ६२५ नॅनोमीटरच्या आसपासच्या लाल एलईडींची रिंग प्लेटच्या खाली थोड्या अंतरावर ठेवा, म्हणजे काळ्यावर उजळ वर्म दिसतात.

सोलेनॉइड १२ व्होल्टचा पुश टाइप. पायच्या पिनवर थेट जोडायचा नाही म्हणजे नाही. मधे मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लागतो, तोही लॉजिक लेव्हलचा, आयआरएलझेड४४एन मागा, दुकानदार आयआरएफझेड४४एन हातात ठेवेल, नाव सारखं दिसतं पण पायच्या ३.३ व्होल्टवर तो नीट उघडत नाही. सोलेनॉइडच्या दोन टोकांवर उलटा डायोड, १एन४००७ चालेल, तो विसरलात तर दर ठोक्याला कॉइलचा उलटा झटका बसून पाय रिसेट होईल. पल्स ५० मिलिसेकंदांचा ठेवा. सोलेनॉइडचा अ‍ॅडॉप्टर वेगळा, पायचा वेगळा, ग्राउंड मात्र एकत्र. हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, तुमच्याकडे नसेल तर कुरिअरने मागवा.

साठवणीचा विचार आत्ताच करा. एक कच्ची फ्रेम १२ एमबी, सेकंदाला १० म्हणजे १२० एमबी, दहा मिनिटांच्या एका रनला ७० जीबीच्या वर. एवढं कुणी साठवत नाही. टिअरप्सी म्हणून फुकट ओपन सोर्स ट्रॅकर आहे, तो वर्म सोडून बाकी सगळी पार्श्वभूमी शून्य करून टाकतो आणि मग दाबून ठेवतो, फाइल एकदम आटोक्यात येते. २०११ चा मल्टी-वर्म ट्रॅकर तर व्हिडिओ ठेवतच नाही, चालू असतानाच बाह्यरेषा आणि जागा काढून घेतो. तुम्ही टिअरप्सीने सुरू करा, मूळ व्हिडिओ निदान सुरुवातीचे महिने हातात राहिलेला बरा. आणि एसडी कार्डावर लिहू नका, एसएसडी घ्या.

कृमीमित्र

सायली, तू म्हटलं तर चालेल ना, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मी वीसेक वर्षं याच वर्मवर काम केलंय, आता शिकवतो.

आधी तुझ्या ८ आणि ६ बद्दल. तू आधी मोजलंस आणि ज्युनिअरने लगेच मोजलं, बरोबर? मग त्याचा आकडा कमी येणारच होता गं. दहा-दहा वेळा स्पर्श झालेल्या वर्मला त्या स्पर्शाची सवय होते आणि तो दचकणं कमी करतो. मनगटाचा फरक असेलही, पण या प्रयोगातून तो सिद्ध होत नाही. पुढच्या वेळी अर्ध्या प्लेट त्याने आधी मोजायच्या, अर्ध्या तू. जुनी वही लगेच टाकून देऊ नकोस.

आणि ही सवय म्हणजे हॅबिच्युएशन हाच टॅप टेस्टचा गाभा आहे. १९९० मध्ये रँकिन, बेक आणि चिबा यांनी दाखवलं की प्लेटला परत परत ठोके दिले की वर्मचं मागे सरकणं लहान होत जातं, म्हणजे ३०२ न्यूरॉनवाला प्राणीही शिकतो. ठोक्याने पुढच्या आणि मागच्या दोन्ही स्पर्शपेशी एकदम जाग्या होतात. पुढच्या म्हणतात मागे हो, मागच्या म्हणतात पुढे पळ, आणि तरुण वर्ममध्ये बहुतेक वेळा पुढच्यांचं चालतं म्हणून तो मागे सरकतो. हे लक्षात ठेव, कारण तुझ्या म्हाताऱ्या वर्मचा प्रतिसाद कमी आला तर त्याचा अर्थ पुढच्या पेशी कमजोर झाल्या इतकाच होत नाही, तोल बदलला असाही होऊ शकतो. टॅपमध्ये पुढचं-मागचं वेगळं करता येत नाही, भुवईच्या केसाने येतं. म्हणून केस फेकायचा नाही, दर बॅचला दहा वर्म केसानेही मोजायचे.

ठोके १० सेकंदांच्या अंतराने ३० दे, आणि ठोक्यानंतर १ सेकंदाच्या आत मागे सरकायला लागला तरच प्रतिसाद धर. मेक-४ चा म्युटंट दर दिवशी बरोबर चालव, सीजीसी या वर्म स्ट्रेनच्या साठ्याकडून मिळतो. त्याला हलका स्पर्श कळत नाही त्यामुळे तो जवळजवळ गप्प राहायला हवा, आणि तोही उड्या मारायला लागला तर समज की ठोका फार जोराचा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे मी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या थीसिसमध्ये लाल पेनाने लिहितो. प्लेटवर ४० वर्म असतात. दोन वर्म एकमेकांना भिडले की ट्रॅकर दोघांनाही सोडून देतो, सुटले की नवे नंबर लावतो. दहा मिनिटांत तुझ्या ४० वर्मचे ३००-४०० ट्रॅक होतील, आणि तू ते एक्सेलमध्ये टाकून एन (म्हणजे नमुन्यांची संख्या) बरोबर ४०० लिहून टी-टेस्ट लावलीस तर काहीही सिग्निफिकंट येईल, अगदी एकाच स्ट्रेनच्या दोन प्लेटमध्ये सुद्धा. एका प्लेटवरच्या सगळ्या वर्मनी तेच खाल्लंय, तोच ठोका खाल्लाय, त्याच तापमानात बसलेत. एन म्हणजे प्लेट. दर प्लेटचा एक आकडा काढ, अशा निदान सहा-आठ प्लेट वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बॅचच्या. हाताने मोजताना ३० वर्मचा घाम निघायचा म्हणून आपण आकड्याला जपायचो, मशीन आलं की आकडे पाण्यासारखे वाहायला लागतात आणि तिथेच माणूस फसतो.

मेमध्ये तुमच्याकडे खोलीचं तापमान किती असतं मला माहितीय. इन्क्युबेटर २० अंशांवर आणि रिग ३२ च्या खोलीत असं केलंस तर तू स्पर्श नाही, उष्णता मोजशील. एसीच्या खोलीत ठेव आणि प्लेटशेजारी थर्मामीटर लाव.

हायड्रा_पुणे

मधेच विचारतो, असंच कॅमेरा सेटअप हायड्रासाठी चालेल का? पुण्यात आघारकर संस्थेमुळे हायड्रा बऱ्याच जणांनी हाताळलाय, आम्हाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याचं आकुंचन मोजायचंय.

विनोद_सर्किट

चालेल, उलट सोपं जाईल. वर्मइतकी घाई नाही, सेकंदाला एक-दोन फ्रेम पुरतील आणि सोलेनॉइड तर लागणारच नाही, काळ्या बॅकग्राउंडवर बाजूने लाइट टाका आणि लांबी मोजत राहा. पाणी गरम होणार नाही एवढं बघा. सविस्तर वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

पीडीएमएस_वाला

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे अ‍ॅक्सॉनच्या फोटोंबद्दल लिहितो, मी पाच वर्षं मायक्रोफ्लुइडिक चिपच (केसासारख्या बारीक चॅनेलच्या) बनवल्यात.

तुमच्या कामात चिपचा खरा फायदा वेगापेक्षा औषध टळण्यात आहे. लेव्हामिसोल स्नायूंवरचे अ‍ॅसिटाइलकोलीनचे रिसेप्टर सतत चालू ठेवून वर्मला आखडवतं, सोडियम अझाइड तर मायटोकाँड्रियाचा श्वासच अडवतं. नुसता अ‍ॅक्सॉनचा आकार बघायचा असेल तर लेव्हामिसोल ठीक आहे, पण अ‍ॅक्सॉनच्या आत काय वाहतंय हे बघायचं असेल तर औषधाने ती वाहतूकच मंदावते. संध्या कौशिका यांच्या टीमने, आता त्या मुंबईला टीआयएफआरमध्ये आहेत, २०११ साली यासाठीच एक छान साधी चिप दाखवली. खाली काच, वर पीडीएमएसचा (पारदर्शक सिलिकॉन रबराचा) पातळ पडदा, पडद्यामागे नायट्रोजनचा दाब द्यायचा, पडदा फुगून वर्मला काचेवर अलगद दाबून धरतो, फोटो झाला की दाब सोडायचा आणि वर्म चालायला लागतो. तेच तत्त्व त्यांनी माशीच्या अळीवर आणि झेब्राफिशवरही वापरलं. आपल्याच देशात झालेलं काम आहे, शोधून नक्की वाचा.

बनवायचं म्हटलं तर बेस आणि क्युअरिंग एजंट १० ला १, नीट घोटायचं, डेसिकेटरमध्ये ठेवून बुडबुडे निघेपर्यंत व्हॅक्युम, मग ओव्हनमध्ये ७० अंशांना काही तास. साच्यासाठी क्लीनरूम लागते, ती तुमच्याकडे नसणार, जवळच्या आयआयटी किंवा आयसरमध्ये ओळख काढून साचा एकदाच करून घ्या, नीट जपला तर वर्षानुवर्षं चालतो. पण खरी डोकेदुखी पुढे आहे. बॅक्टेरियाचे पुंजके, अगारचे कण, एखादं अंडं, काहीही चॅनेलमध्ये अडकतं आणि अख्खी चिप बाद होते. वर्म एम९ (क्षारांचं बफर द्रावण) मध्ये तीनदा धुवायचे, एम९ फिल्टर केलेलं, आणि सगळे वर्म एकाच वयाचे हवेत नाहीतर लहान वर्म निसटतात आणि मोठे तुंबतात. वेगवेगळ्या वयांसाठी वेगवेगळ्या मापाची चिप लागते हे आधीच सांगून ठेवतो, तुमची वयं तीन आहेत म्हणजे साचेही तीन.

म्हणून माझा प्रामाणिक सल्ला असा की आत्ता चिपच्या मागे लागू नका. त्याऐवजी १० टक्के अगारोजचा कडक पॅड करा आणि ०.१ मायक्रॉनच्या पॉलिस्टायरिन मण्यांच्या थेंबात वर्म ठेवून कव्हरस्लिप टाका, औषध अजिबात नाही. मणी आणि पॅड यांच्या घर्षणाने वर्म जागच्या जागी अडकतो. एका पॅडवर दहा-पंधरा वर्म शेजारी शेजारी लावा. मायक्रोस्कोपचं स्टेज मोटरवालं असेल तर मायक्रो-मॅनेजर टाका, फुकट आहे, एकदा वरवर फिरून प्रत्येक वर्मची जागा नोंदवायची आणि मग तेच झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरचे फोटो) घेत फिरतं, तुम्ही तोवर जेवून या.

आणि फोटो काढणाऱ्या माणसाने फोटो स्कोअर करू नयेत. दहा ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहा, फाइलींना रँडम नावं देऊन खरी नावं वेगळ्या फाइलमध्ये लपवायची. तुमच्या लॅबमधलं पहिलं ऑटोमेशन हेच करा, पैसे शून्य, एका दुपारचं काम.

सायली_जेआरएफ

पाच आठवड्यांनी येतेय, सगळ्यांचे मनापासून आभार. लपवाछपवीची स्क्रिप्ट त्याच आठवड्यात लिहिली, आता सगळी लॅब वापरते. मण्यांचा पॅडही जमला, दिवसाला ३० वर्म व्हायचे ते आता दुपारपर्यंत ४५ होतात आणि वर्म परत प्लेटवर सोडले तर चालतात.

टॅप रिग उभी राहिली. डायोड मी खरंच उलटा लावला होता, सुदैवाने अ‍ॅडॉप्टरने स्वतःच हात टेकले म्हणून बाकी काही जळलं नाही. आता व्यवस्थित चालतंय. झाकणावर वाफ धरायची आणि निम्मे वर्म दिसायचे नाहीत, म्हणून झाकण ट्वीन-२० च्या पातळ द्रावणाने पुसून प्लेट वीस मिनिटं खोलीत ठेवते, मग स्वच्छ दिसतं. बॅक्टेरियाचा थर आदल्या संध्याकाळी अगदी पातळ पसरायचा हेही शिकले, जाड झाला की कडेला वर्म त्यात बुडून जातात.

पण एक गोष्ट खटकतेय म्हणून लिहितेय. एन२ (म्युटेशन नसलेली नेहमीची स्ट्रेन) चे तरुण वर्म पहिल्या ठोक्याला जवळजवळ सगळे मागे सरकतात, तिसाव्या ठोक्यापर्यंत थोडेच उरतात, ग्राफ अगदी पुस्तकात असतो तसा उतरतो. मेक-४ गप्प. मी इतकी खूश झाले की सरांना रात्रीच व्हॉट्सअ‍ॅप केला. मग कृमीमित्र सरांचं वाचून वाटलं की विश्रांतीनंतर प्रतिसाद परत येतो का ते पण बघावं. ३० ठोके दिले, प्लेट तिथेच ठेवून अर्धा तास थांबले, परत ठोका दिला. काही नाही. तिसाव्या ठोक्याला होते तेवढेच हलले. चार प्लेटवर तेच. वर्म नीट चालतायत, खातायत, मेलेले नाहीत. आमचे वर्म विसरतच नाहीत का?

कृमीमित्र

फार बरं केलंस परत येऊन लिहिलंस ते. दहा सेकंदांच्या अंतराने लागलेली सवय अर्ध्या तासात बऱ्यापैकी उतरायला हवी. थोड्या अंतराने दिलेल्या ठोक्यांची सवय लवकर लागते आणि लवकरच जाते, जास्त अंतराच्या ठोक्यांची रेंगाळते. चार प्लेटवर अजिबात परत आली नाही म्हटल्यावर मी वर्मवर संशय घेणार नाही, ठोक्यावर घेईन.

एक कर. त्याच चारपैकी एका प्लेटला अर्ध्या तासानंतर हात लावून उचल आणि परत नीट जागेवर ठेव, पाच मिनिटं थांब, मग ठोका दे.

विनोद_सर्किट

सरांना जे वाटतंय तेच मलाही वाटतंय. ताई, प्लेट कशात बसवलीय? नुसती टेबलावर ठेवून बाजूने ठोका देताय का? एमपीयू६०५० चा छोटा अ‍ॅक्सेलेरोमीटर घ्या, अगदी स्वस्त असतो, प्लेटच्या कडेला दोन बाजूंच्या टेपने चिकटवा आणि तीसही ठोक्यांचा आकडा नोंदवा. वर्म नसलेली प्लेट चालेल.

सायली_जेआरएफ

सापडलं!

सरांनी सांगितलं तसं प्लेट उचलून परत ठेवली आणि ठोका दिला तर वर्म ढिगाने मागे सरकले. तिथेच पोटात गोळा आला. मग अ‍ॅक्सेलेरोमीटर लावला. पहिल्या ठोक्याच्या तुलनेत तिसावा ठोका निम्म्याहूनही कमी होता. प्लेट अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर नुसती ठेवलेली होती आणि दर ठोक्याला सोलेनॉइडपासून केसभर दूर सरकत होती. केसभर म्हणजे डोळ्याला दिसतच नाही, पण तीस ठोक्यांनंतर पट्टी लावली तर दीड मिमीची फट पडली होती. दांडा शेवटी शेवटी प्लेटला जेमतेम टेकत होता. माझा तो पुस्तकातल्यासारखा ग्राफ बऱ्याच अंशी सरकणाऱ्या प्लेटचा होता.

विनोद दादांना फोटो पाठवला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे प्लेटसाठी खोबण केली, समोरच्या बाजूला रबराचा तुकडा आणि स्प्रिंग, आणि ठोका आता प्लेटला न देता त्या होल्डरच्या उभ्या पट्टीला देते. अ‍ॅक्सेलेरोमीटर कायमचा होल्डरवर चिकटवून टाकला, दर रनच्या फाइलमध्ये तीसही ठोक्यांचा आकडा आपोआप लिहिला जातो आणि एखादा ठोका कमी-जास्त झाला तर स्क्रिप्ट ती प्लेट लाल करते.

काल आणि आज मिळून सहा प्लेट केल्या. प्रतिसाद अजूनही उतरतो, पण आधीसारखा कड्यावरून पडल्यासारखा नाही, सावकाश उतरतो आणि तिसाव्या ठोक्यालाही बरेच वर्म थोडं थोडं मागे सरकतातच. आणि अर्ध्या तासाने परत येतो! सहाच्या सहा प्लेटवर. स्क्रीनवर ते वर्म परत एकदम मागे सरकताना बघितले तेव्हा मी आणि ज्युनिअर दोघंही खुर्चीवरून उठलो.

आता एकच प्रश्न, आधीच्या पाच आठवड्यांचा डेटा सगळा गेला का? त्यात म्हाताऱ्या वर्मच्या २२ प्लेट आहेत.

कृमीमित्र

शाब्बास. सगळा नाही गेला. दर प्लेट तू दांड्याला टेकवूनच ठेवत होतीस ना? तशी ठेवत असशील तर पहिला ठोका सगळ्यांना साधारण सारखाच बसलाय, त्यामुळे पहिल्या ठोक्याचा प्रतिसाद वयानुसार ताडून बघायला हरकत नाही, फक्त तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव आणि पद्धतीत स्पष्ट लिही की ठोका मोजलेला नव्हता. दुसऱ्यापासून तिसाव्यापर्यंतचं सगळं सोडून दे, त्यातून काही वाचवायचा प्रयत्न करू नकोस. आणि म्हाताऱ्या वर्मच्या निदान आठ प्लेट नव्या होल्डरवर परत कर, पहिल्या ठोक्याचे आकडे जुन्यांशी जुळले तर जुनेही वापर, नाही जुळले तर तेही बाजूला.

सरांना मात्र हे सगळं उद्याच सांग, त्यांनी तो रात्रीचा ग्राफ कुठे रिपोर्टमध्ये टाकण्याच्या आत.

सायली_जेआरएफ

टेकवूनच ठेवत होते सर, ज्युनिअरलाही तसंच शिकवलं होतं. सरांना आत्ताच फोन केला, ते म्हणाले रिपोर्ट शुक्रवारी जाणार होता, ग्राफ काढून टाकतो. बुधवारी अंडी वेगळी करायला ब्लीच लावते, गुरुवारी एल१ (अंड्यातून निघालेल्या पहिल्या अवस्थेच्या अळ्या) प्लेटवर टाकले की रविवारी पहिल्या दिवसाचे अडल्ट मिळतील, त्यांचं टॅपिंग त्याच दिवशी उरकते आणि त्याच बॅचमधले म्हातारे व्हायला ठेवते. होल्डरचं ड्रॉइंग मापांसकट इथेच टाकते, ज्याला लागेल त्याने घ्या.